स्वारगेट आणि घड्याळाची तबकडी

पुण्यास दक्षिणेकडून येणाऱ्या प्रवाशास शहर प्रथम भेटतें तें स्वारगेटाशीं. सातारा रस्ता, शंकरशेट रस्ता, शिवाजी रस्ता आणि सारसबागेकडून येणारा रस्ता हे येथें एकत्र होतात. चौकास देशभक्त केशवराव जेधे यांचें नांव आहे, पर्वतीची टेकडी जवळच आहे, आणि सातारा, सांगली, कोल्हापूर अशा पाट्यांच्या एस. टी. गाड्या अष्टौप्रहर येत जात असतात. ज्या नाक्यावरून व तेथें पहारा करणाऱ्या ज्या घोडेस्वारांवरून या जागेस हें नांव पडलें असें जुने पुणेकर सांगत आले, तो नाका मात्र आज नाहीं आणि ते स्वारही नाहींत.

एखाद्या जागेचा एकेक भाग बदलत जावा आणि नांव तेवढें तसेंच राहावें, याचें इतकें उघड उदाहरण पुण्यांत क्वचितच सांपडेल. टांग्यांची जागा रिक्षांनीं घेतली. १ जून १९४८ रोजीं नगर-पुणे मार्गावर राज्य परिवहनाची पहिली गाडी धांवली, आणि पुढें त्या गाड्यांचें हें एक मोठें ठाणें झालें. चौकावर उड्डाणपूल आला. २०१९ सालीं मेट्रोसाठीं खोदतांना जमिनीखालीं पाणी नेण्याचें जुनें भुयार लागलें, आणि २९ सप्टेंबर २०२४ पासून मेट्रो जमिनीखालून येथपर्यंत येऊं लागली. तरी सांगलीची आत्याबाई "मी स्वारगेटावर उतरतें, न्यायला या" असेंच कळविते, आणि आपणही न चुकतां तेथेंच जाऊन उभे राहतों.

गाडीच्या ठाण्यावर मनगटाकडे न पाहणारा मनुष्य विरळा. म्हणूनच कीं काय, स्वारगेटापासून शिवाजी रस्त्यानें मंडईच्या बाजूस चालूं लागलें कीं, पट्टे, पाकिटें व चष्मे विकणाऱ्यांच्या ओळींत एखादा घड्याळजी आपली कांचेची पेटी मांडून बसलेला अजून आढळतो. अशाच एका घड्याळजींकडे आम्ही गेल्या हिवाळ्यांत एक घरगुती वाद घेऊन गेलों होतों. तो वाद पुष्कळ घरांत उद्भवण्यासारखा असल्यामुळें येथें सांगण्यास हरकत नाहीं.

आमच्या वडिलांचें, ज्यांस घरांत सर्वजण अण्णा म्हणत, एच. एम. टी. चें 'जनता' घड्याळ त्यांच्या पश्चात् कपाटांत पडून होतें. कांच धुरकट झाली होती, पट्टा तुटला होता, आणि तबकडीवर सहाच्या आंकड्यापाशीं ओल लागून तांबूस डाग पडला होता. आमच्या पुतणीस नुकतीच नोकरी लागली. तिनें "आजोबांचें घड्याळ मी वापरीन" म्हणून तें मागून घेतलें, तेव्हां सर्वांस आनंदच झाला. पण तबकडी नव्यानें रंगवून काळी करून घेणार आणि पट्टा तपकिरी लावणार, असें तिनें सांगितलें मात्र, आणि आमच्या मातोश्रींचा चेहरा उतरला. "त्या डागाला कुणीं हात लावायचा नाहीं. तो त्यांच्या घामाचा आहे," एवढेंच त्या बोलल्या. वहिनींचें म्हणणें असें कीं, मुलीला वापरावयाचें आहे तर तिच्या मनासारखें होऊं द्यावें. कपाटांत गंजत ठेवून कोणाची आठवण राहते? दोन दिवस चहाच्या वेळीं घरांत दुसरा विषय नव्हता. शेवटीं आम्ही आणि पुतणी घड्याळ घेऊन निघालों, आणि कांहीं करण्यापूर्वीं घरीं विचारावयाचें असें ठरलें.

घड्याळजींनीं डोळ्याला भिंग लावून मागचें झांकण उघडलें. झांकणाच्या आंतल्या बाजूस सुईनें कोरलेल्या बारीक खुणा होत्या, व त्यांत दोन ठिकाणीं तारखा वाचतां येत होत्या. दुरुस्त करणारे कारागीर घड्याळ उघडलें म्हणजे अशी खूण करून ठेवतात, म्हणजे पुन्हां आलें तर काम कधीं झालें तें कळतें. "ताई, हें दोनदां तरी उघडलेलें आहे. कमान मागाहून घातलेली दिसते, कांचही पहिली नव्हे," घड्याळजी म्हणाले. जें आम्ही अस्पर्श समजत होतों, त्याचे भाग खुद्द अण्णांनींच बदलून घेतले होते.

हें शक्य होतें याचें कारण घड्याळाच्या इतिहासांत आहे. पूर्वीं प्रत्येक घड्याळाचे भाग कारागीर कानशीनें घांसून परस्परांस जुळवी. एकाचें चाक दुसऱ्यास बसत नसे. अमेरिकेंत मॅसॅच्युसेट्स प्रांतांतील वॉल्थम येथें १८५० नंतर यंत्रांवर एकसारखे भाग काढून घड्याळें जुळविण्याची पद्धत रुजली, आणि १८७६ च्या फिलाडेल्फिया येथील प्रदर्शनांत तीं पाहून स्विस कारखानदार चकित झाले. त्यांनीं परत जाऊन आपले कारखाने सुधारले. भाग अदलाबदल करण्याजोगे करण्याचा हेतु त्या वेळीं शोभेचा नव्हता. घड्याळ स्वस्त व्हावें आणि गांवोगांवीं दुरुस्त करतां यावें, एवढाच तो होता.

आपल्याकडे तो हेतु एच. एम. टी. नें पुरा केला. जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्यानें १९६१ सालीं बंगळूर येथें हा कारखाना सुरू झाला. 'जनता', 'पायलट' वगैरे चावीच्या घड्याळांत एकाच घराण्याचीं, सतरा माणकांचीं यंत्रें असत. त्यामुळें एका बंद घड्याळाचें चाक दुसऱ्या चालत्या घड्याळास उपयोगी पडे. २०१६ सालीं केंद्र सरकारनें घड्याळांची ही कंपनी बंद करण्यास मान्यता दिली, तरी तीं घड्याळें अद्याप दुरुस्त होतात, तीं यामुळेंच. घड्याळजींच्या पत्र्याच्या डब्यांत अशा मृत घड्याळांचे काटे, चाव्या व तबकड्या कागदाच्या पुड्यांत बांधून ठेवलेल्या होत्या. एका तबकडीवर 'सोवार प्रायमा' अशीं इंग्रजी अक्षरें वाचून पुतणी हंसली. १८८६ सालीं मुंबईंत स्थापन झालेल्या वेस्ट एंड वॉच कंपनीच्या स्विस घड्याळांचें तें नांव, आणि 'सोवार' म्हणजे आपला स्वारच! स्वारगेटाचे स्वार गेले खरे, पण त्यांतला एक या डब्यांत राहिला होता.

भाग बदलून घड्याळाचें रूप पालटण्याची हौस मात्र अलीकडची. १९८६ सालीं स्वॉच कंपनीनें 'पॉप स्वॉच' काढलें. त्याचा गोल भाग पट्ट्यांतून सोडवून कपड्यावरही लावतां येई. इटलीच्या गुची कंपनीचें बायकांचें एक घड्याळ रंगीत कड्यांच्या संचासह मिळे. लुगड्याच्या रंगाप्रमाणें कडें बदलावें, तसा तो प्रकार. सध्यां तर जपानी सायको उद्योगाचें 'एन. एच. ३५' नांवाचें चोवीस माणकांचें स्वयंचलित यंत्र घेऊन त्यावर आपल्या पसंतीची तबकडी, काटे, कांच व कवच चढवून तरुण मंडळी घरच्या घरीं घड्याळें जुळवितात. यंत्र ठराविक मापाचें असल्यामुळें जगाच्या कोणत्याही कोपऱ्यांत केलेली तबकडी त्यावर बसते. स्वयंपाकघरांतील डब्यांस एकाच मापाचीं झांकणें असावीं, त्यांतलाच हा सोयीचा विचार.

या हौसेची एक काळी बाजूही आहे, आणि तिच्याशीं आपल्या मुंबईचें नांव जोडलें गेलें आहे. जुन्या घड्याळांच्या तबकड्यांवरील मूळ रंग खरवडून, कारखान्यानें कधीं न काढलेले भडक रंग त्यांवर चढवून, कंपनीचें नांव पुन्हां छापून तीं 'अस्सल जुनीं' म्हणून परदेशीं विकण्याचा धंदा इतका वाढला कीं, जगभरचे संग्राहक अशा घड्याळास 'मुंबई स्पेशल' म्हणून नाक मुरडतात. रंग बदलला हा त्यांतील दोष नव्हे. बदल लपविला, हा दोष.

पुतणीनें रंगविण्याविषयीं विचारतांच घड्याळजींनीं दोन तबकड्या पुढें ठेवल्या. एक नव्यानें रंगविलेली होती. तिच्यावरील अक्षरें किंचित् जाड व वांकडीं छापलीं गेलीं होतीं. दुसरी त्याच जातीच्या यंत्रावरची, जुनी, मूळची काळी. "रंगवलेली पुन्हां पहिल्यासारखी होत नाहीं, ताई. खालचा रंग गेला तो गेला. ही काळी बसवली, तर आजोबांची तबकडी पुडींत राहील. उद्यां मन बदललें तर दहा मिनिटांत परत चढेल." तबकडीच्या पाठीस दोन बारीक पाय असतात आणि ते यंत्राच्या कडेच्या स्क्रूंनीं धरलेले असतात, हेंही त्यांनीं उलटून दाखविलें.

आम्हीं तेथूनच घरीं दूरध्वनि केला. झांकणावरील खुणांची हकीकत ऐकून मातोश्री कांहीं वेळ बोलल्या नाहींत. मग त्यांनीं विचारलें, "आणि चावी?" अण्णा रोज सकाळीं पूजा आटोपली कीं, सोवळें सोडण्यापूर्वीं घड्याळास चावी देत, तेवढें त्यांनीं आजारपणांतही चुकविलें नाहीं. चावीच्या कंगोऱ्या झिजून बोटाखालीं गुळगुळीत झाल्या होत्या, आणि घड्याळजी तीच बदलण्याच्या विचारांत होते. पुतणीनें त्यांस थांबविलें. "काका, थोडी घसरली तरी चालेल. ती राहूं द्या."

याप्रमाणें काळी तबकडी, नवी कांच व तपकिरी पट्टा, पण अण्णांची चावी व अण्णांचें यंत्र, असें घड्याळ तयार झालें. डागाची तबकडी मातोश्रींनीं देवघराच्या खणांत कुंकवाच्या डबीशेजारीं ठेविली आहे. त्या अजूनही पुतणीच्या मनगटाकडे पाहून "हें कांहीं त्यांचें घड्याळ दिसत नाहीं बाई" असें म्हणतात, आणि सकाळीं ती चावी देऊं लागली कीं हातांतलें काम थांबवून ऐकतात.

ज्या घरांत असें एखादें घड्याळ असेल, त्यांस अनुभवानें दोन शब्द सांगावेसे वाटतात. दुरुस्तीस देतांना काढलेला प्रत्येक भाग परत मागून घ्यावा आणि तारीख घालून पुडींत ठेवावा. तबकडी रंगविण्यापूर्वीं तयार जुनी मिळते कां, तें पाहावें. सुमारें १९६० पूर्वींच्या अनेक विदेशी घड्याळांच्या आंकड्यांवर व काट्यांवर अंधारांत चमकणारा रेडियमचा लेप असे. असें घड्याळ मुलांनीं घरीं उघडूं नये, जाणत्या कारागिराकडेच न्यावें. आणि तें विकावयाची वेळ आलीच, तर काय बदललें तें घेणाऱ्यास स्पष्ट सांगावें.

हे कारागीर आतां थोडे राहिले आहेत. आमच्या घड्याळजींचा मुलगा या धंद्यांत नाहीं. तो मेट्रोनें रोज पिंपरीस कामावर जातो. तेव्हां स्वारगेटावर गाडीस अवकाश असेल, तर चार पावलें शिवाजी रस्त्याकडे टाकून अशी एखादी कांचेची पेटी शोधावी, आणि कपाटांतलें बंद घड्याळ, वांट न पाहतां, बरोबर न्यावें.