समीकरणांचा कारकून

पूर्ण नाव ईक्यूएनईडीटी३२.ईएक्सई. ज्या घराण्यात वर्ड, एक्सेल, पॉवरपॉइंट अशी मिरवणारी मंडळी, तिथे हे असलं नाव घेऊन तो आयुष्यभर मागच्या बाजूला राहिला. पडद्यावर त्याला ‘इक्वेशन एडिटर’ म्हणत. भेट सहज मिळायची नाही. ‘इन्सर्ट’मध्ये जा, ‘ऑब्जेक्ट’ निवडा, लांबलचक यादीत ‘मायक्रोसॉफ्ट इक्वेशन ३.०’ हुडका, मग कुठे स्वारी बाहेर यायची. दोन ओळींची छोटीशी पट्टी, एवढाच त्याचा संसार. वरच्या ओळीत ग्रीक अक्षरं, बाण, लहानमोठेपणाची आणि संचांची चिन्हं. खालच्या ओळीत अपूर्णांक, वर्गमूळ, इंटिग्रल, मॅट्रिक्स यांचे रिकामे साचे. साच्यातल्या तुटक रेषांच्या चौकोनांत आकडे भरायचे, की समीकरण तयार.

खऱ्या गणितज्ञांचं त्याच्यावाचून फारसं अडत नव्हतं. डोनाल्ड क्नूथ यांनी १९७८ साली त्यांच्या हाती टेक ही अक्षरजुळणीची प्रणाली दिली होती आणि ते तिच्यातच रमले होते. ह्याला धरून राहिले ते बाकीचे सगळे. शाळा-कॉलेजातले शिक्षक, प्रबंध टाइप करणारे विद्यार्थी, अहवाल लिहिणारे इंजिनिअर, आणि आपल्याकडे क्लासच्या नोट्स नि सराव प्रश्नपत्रिका रात्री जागून जुळवणारे डीटीपीवाले. शिष्टपणा नाही, शिकवणी नाही. साचा उचला, आकडा भरा.

स्वभाव मात्र करडा. समीकरणात असताना स्पेसबार कितीही बडवा, जागा सोडायचा नाही. दोन चिन्हांत किती अंतर हवं ते मी बघतो, तुम्ही मधे पडू नका, असा खाक्या. ‘एक्स’ लिहिला की त्याला चल समजून आपणहून तिरका करायचा. ‘साइन’ किंवा ‘लॉग’ लिहिलं की हे फलन आहे हे ओळखून पुन्हा सरळ. घातांक किती बारीक असावा, अपूर्णांकाची रेघ कुठपर्यंत जावी, सगळं त्याच्या नियमाने. असा हा काटेकोर कारकून पुढे एका साध्या मापाला चुकला, आणि तेही गणितात नव्हे, नाव उतरवून घेताना.

तसा तो मायक्रोसॉफ्टच्या घरचाही नव्हे. कॅलिफोर्नियातल्या लाँग बीच इथल्या डिझाइन सायन्स नावाच्या कंपनीचं मॅथटाइप हे उत्पादन होतं. त्याचीच बेताची आवृत्ती मायक्रोसॉफ्टने परवाना घेऊन वर्डबरोबर द्यायला सुरुवात केली, १९९१ च्या वर्ड २.० पासून. आपण ज्याच्याबद्दल बोलतो आहोत त्याची घडण ९ नोव्हेंबर २००० ची. त्या दिवशी त्याचा सोर्स कोड कम्पाइल झाला आणि पुढची सतरा वर्षं तीच फाइल, तशीच्या तशी, ऑफिसच्या एकेका नव्या आवृत्तीबरोबर जगभरच्या संगणकांवर जात राहिली.

२००७ मध्ये खरं तर त्याच्या निवृत्तीची वेळ आली होती. ऑफिसने समीकरणांसाठी आपली नवी सोय वर्डच्या आतच बांधली. पण तोवर लोकांनी त्याच्या हातून इतकी समीकरणं लिहून ठेवली होती की त्याला काढलं असतं तर ती जुनी कागदपत्रं दुरुस्त कोण करणार, हा प्रश्न होता. म्हणून त्याला ठेवलं. मला हा निर्णय चुकीचा वाटत नाही. जुनं लिखाण उघडता यावं ही वापरणाऱ्यांची रास्त अपेक्षा आहे आणि मायक्रोसॉफ्टने ती वर्षानुवर्षं पाळली, हे त्यांच्या बाजूने सांगायलाच हवं. त्याला ठेवून घेतल्यावर कोणी त्याच्याकडे पाहिलं नाही, गडबड तिथे आहे.

ज्या काळात तो घडला त्या काळात प्रोग्रॅमला चिलखत घालायची रीत नव्हती. डेटाच्या जागेत ठेवलेल्या सूचना चालूच द्यायच्या नाहीत, हा ‘डेप’ नावाचा बंदोबस्त २००४ मध्ये विंडोज एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकने आणला. प्रोग्रॅमचे मेमरीतले पत्ते दर वेळी बदलत ठेवायचे, म्हणजे बाहेरच्याला अंदाज येणार नाही, हा ‘एएसएलआर’ व्हिस्टाबरोबर आला. वर्ड, एक्सेल नव्याने घडत गेले, त्यांना ही चिलखतं मिळाली. हा सन २००० च्या उघड्या अंगानेच वावरत राहिला. शिवाय तो वर्डच्या पोटात चालत नसे. वर्डला समीकरण लागलं की विंडोज त्याला वेगळी प्रोसेस म्हणून उठवी. त्यामुळे वर्डभोवती उभे केलेले पहारे त्याला लागू नव्हते, आणि वर्ड काय करतो यावर डोळा ठेवणाऱ्या सुरक्षा साधनांना तो वर्डचा वाटतच नसे.

आता त्याची चूक. समीकरण फाइलमध्ये साठवताना तो एमटीईएफ नावाची स्वतःची बांधणी वापरी. तीत फाँटची एक नोंद असते. शैली कोणती, आणि मग फाँटचं नाव. नाव संपल्याची खूण म्हणजे शून्य किमतीचा एक बाइट. हा नाव वाचायला घेई आणि ती खूण दिसेपर्यंत एकेक बाइट आपल्या मेमरीतल्या जेमतेम चाळीसेक बाइटांच्या जागेत उतरवत जाई. नाव किती लांब आहे, जागा किती आहे, हे तो मोजत नसे. विंडोजमध्ये फाँटचं नाव ३१ अक्षरांपलीकडे जात नाही, तेव्हा जागा तशी पुरेशी होती. प्रामाणिक माणसांपुरती.

बेइमान माणूस फाँटचं नाव मुद्दाम लांब लिहितो. जागा भरते, हा उतरवतच राहतो, आणि नावाचा शेपटाकडचा भाग शेजारच्या नोंदींवर चढतो. त्या नोंदींत एक फार मोलाची असते. हातातलं काम झाल्यावर प्रोग्रॅमने परत कुठे जायचं, तो पत्ता. नावाच्या शेपटात तो पत्ता बदलून दिला की काम संपवून हा गुमान त्या नव्या पत्त्यावर जातो. तिथे काय असेल? विंडोजचं ‘विनएक्झेक’ नावाचं एक फंक्शन आहे. त्याला प्रोग्रॅमचं नाव सांगायचं, ते तो प्रोग्रॅम चालवतं. ते वापरायची वाट ह्याच्याच फाइलमध्ये होती, आणि पत्ते बदलत ठेवण्याची सोय नसल्यामुळे जगातल्या प्रत्येक संगणकावर एकाच ठिकाणी होती. म्हणजे हल्ला करणाऱ्याने फाँटच्या नावाच्या सुरुवातीला आज्ञा लिहायची आणि शेवटी तो कायमचा पत्ता. आज्ञा सहसा एवढीच की इंटरनेटवरच्या अमक्या ठिकाणाहून तमकी फाइल आण आणि चालव. हा बिचारा टाइम्स न्यू रोमनसारखं काहीतरी असेल म्हणून ती वाचायचा आणि बजावायचा.

मॅक्रो चालू करा अशी विनवणी करणारी फाइल आली की आताशा ऑफिसातले लोक सावध होतात. इथे मॅक्रोचं नावच नाही. फाइल उघडली, लिहिण्याची परवानगी मिळाली, की बस. इंटरनेटवरून आलेली फाइल ऑफिस आधी ‘प्रोटेक्टेड व्ह्यू’मध्ये उघडतं आणि वर पिवळी पट्टी दाखवतं, तोवर धोका नसतो. पण ‘इनव्हॉइस’ किंवा ‘पर्चेस ऑर्डर’ अशा नावाची फाइल आल्यावर ‘एनेबल एडिटिंग’वर बोट न जाणारा हिशेबनीस मला तरी माहीत नाही. आरटीएफ फाइलमध्ये तर समीकरणावर क्लिक करण्याचीही गरज उरत नाही. फाइल उघडताच आतली वस्तू ताजी करून घे, अशी सूचना तीत लिहिता येते. समोर रिकामं पान दिसतं. माणूस म्हणतो फाइल खराब आलेली दिसते, आणि चहाला उठतो.

एम्बेडी नावाच्या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी त्याला हुडकला तोही मजेशीर रीतीने. मायक्रोसॉफ्टचंच बिनस्कोप नावाचं साधन आहे, कुठल्या फाइलला आधुनिक संरक्षण आहे नि कुठल्या फाइलला नाही ते दाखवणारं. ते त्यांनी ऑफिसवर फिरवलं आणि सगळ्यांत उघडा हाच निघाला. ज्याचं घर त्याचीच चाचणी, पण ती करायला बाहेरचा माणूस यावा लागला. भोकाला क्रमांक मिळाला सीव्हीई-२०१७-११८८२, आणि १४ नोव्हेंबर २०१७ ला मायक्रोसॉफ्टने दुरुस्ती दिली.

ती दुरुस्ती पाहून जाणकार चकित झाले. प्रोग्रॅम दुरुस्त करायचा म्हणजे सोर्स कोड बदलायचा आणि नव्याने कम्पाइल करायचा, ही सरळ रीत. तसं केलं की फाइलच्या आतली मांडणी हलते. स्लोव्हेनियातल्या झिरोपॅच या चमूने जुनी नि नवी फाइल शेजारी ठेवून ताडून पाहिली, तर सगळी फंक्शनं होती त्याच पत्त्यांवर. याचा अर्थ कोणीतरी तयार फाइलच उघडून, यंत्रभाषेतल्या सूचना हाताने बदलून, नावाची लांबी मोजण्याची तपासणी आत बसवली होती. तपासणीला जागा हवी म्हणून आजूबाजूच्या सूचना आवळून घेतल्या होत्या. मूळ सोर्स कोड हाताशी उरला नसावा, असा तर्क झिरोपॅचने मांडला. कारण काहीही असो, ते काम करणाऱ्याच्या हाताला दाद द्यावी लागते. इतक्या बारीक कलाकुसरीची वेळ येऊ नये हे खरं, पण आल्यावर ती इतकी नेटकी साधणारेही थोडेच.

सतरा वर्षांनी कोणीतरी त्याच्याकडे पहिल्यांदा लक्ष देऊन पाहिलं, आणि त्यातच त्याचे दिवस भरले. एक भोक सापडल्याबरोबर जगभरचे संशोधक त्याच्यावर तुटून पडले. फाँटचं नाव उतरवण्याचीच आणखी एक जागा तशीच बिनमापाची निघाली, आणि ती तर दुरुस्तीआधीच कोणीतरी वापरत होतं. मॅट्रिक्स वाचतानाही तोच प्रकार. शेवटी ९ जानेवारी २०१८ च्या अपडेटमध्ये मायक्रोसॉफ्टने त्याला ऑफिसमधून काढूनच टाकलं. जुन्या कागदपत्रांतली समीकरणं दिसत राहिली, पण त्यांवर डबल-क्लिक केलं की ‘मायक्रोसॉफ्ट इक्वेशन’ उपलब्ध नाही असा निरोप यायला लागला. ज्यांची हजारो पानं त्याच्या भरवशावर होती त्यांची चांगलीच पंचाईत झाली. अशा लोकांसाठी झिरोपॅचने स्वतःच्या बारीक दुरुस्त्या देऊ केल्या, तो राहावा आणि सुरक्षितही राहावा म्हणून.

पण काढून टाकला म्हणजे गेला, असं संगणकाच्या जगात होत नाही. अपडेट आलं आणि ते लागलं, या दोन गोष्टींत काही ठिकाणी वर्षांचं अंतर असतं. नोव्हेंबरच्या दुरुस्तीला आठवडाही झाला नव्हता, तेव्हाच इराणशी जोडल्या जाणाऱ्या एपीटी३४ या टोळीने मध्यपूर्वेतल्या एका सरकारी संस्थेवर ह्याच भोकातून हल्ला केल्याचं फायरआय कंपनीने नोंदवलं. बँका लुटणारी कोबाल्ट टोळीही त्याच महिन्यात कामाला लागली. पासवर्ड चोरणाऱ्या लोकीबॉट, फॉर्मबुक, एजंट टेस्ला या प्रोग्रॅमांनी तर ही वाट रोजच्या रहदारीची करून टाकली. मे २०२० मध्ये अमेरिकेच्या एफबीआय आणि सायबर सुरक्षा संस्थेने मागच्या चार वर्षांत सर्वाधिक वापरल्या गेलेल्या दहा भोकांची यादी दिली. चीन, इराण, उत्तर कोरिया आणि रशियाच्या सरकारी टोळ्यांची जी तीन सर्वांत आवडती, त्यांत हे होतं. चार वेगवेगळे देश एका अडगळीतल्या कारकुनावर एकमताने विसंबले होते.

आपल्या दारीही तो येऊन गेला आहे. सप्टेंबर २०२० मध्ये पुण्याच्या क्विक हील कंपनीच्या सेकराइटने ‘ऑपरेशन साइडकॉपी’ ही हल्ल्यांची मोहीम उजेडात आणली. निशाण्यावर भारतीय संरक्षण दलं होती. बहुतेक हल्ले शॉर्टकट फाइलींतून येत होते, पण एका मालिकेत वर्डची फाइल बाहेरून टेम्प्लेट मागवत होती आणि त्यातून गाठ ह्याच्याशी घालून देत होती. दक्षिण आशियातल्या सरकारी नि लष्करी कार्यालयांमागे लागलेल्या साइडवाइंडर टोळीचंही हे लाडकं हत्यार. मार्च २०२५ मध्ये कॅस्परस्कीने तिच्या सागरी वाहतूक आणि अणुऊर्जा क्षेत्रांतल्या नव्या हल्ल्यांची हकीकत मांडली, तेव्हाही दार तेच होतं. २००० साली घडलेलं, २०१७ साली बुजवलेलं, २०१८ साली भिंतीसकट पाडलेलं.

असं होतं कारण आपण अपडेटकडे कटकट म्हणून पाहतो. कार्यालयात कोणी एकदा ऑफिस २००७ किंवा २०१० घालून दिलेलं असतं, बऱ्याचदा उधारीच्या सीडीवरून. अपडेट लावलं तर बिल छापायचं सॉफ्टवेअर बिघडेल, लायसन्स विचारेल, प्रिंटर रुसेल, या धास्तीने ते बंद ठेवलेलं असतं. यंत्र चालू आहे ना, मग हात कशाला लावायचा, हे आपलं ठरलेलं उत्तर. ह्या कारकुनाबद्दल मायक्रोसॉफ्टमध्येही बहुधा असंच काही ठरलं असावं. त्यांनी निदान शेवटी हात लावला.

तुमच्या संगणकावर तो आहे की नाही हे बघायला फार वेळ लागत नाही. सी ड्राइव्हवर प्रोग्रॅम फाइल्सच्या फोल्डरमध्ये ‘कॉमन फाइल्स’, त्यात ‘मायक्रोसॉफ्ट शेअर्ड’, त्यात ‘इक्वेशन’ असं एकेक उघडत जा. विंडोज ६४ बिटांची असेल तर एक्स८६ लिहिलेलं प्रोग्रॅम फाइल्सही पाहा. तिथे तो बसलेला दिसला, तर तुमचं ऑफिस जानेवारी २०१८ नंतर अपडेट झालेलं नाही असं धरून चाला आणि आजच ते करून घ्या. अपडेट मिळतच नसेल इतकं ऑफिस जुनं असेल, तर ते बदला. कॉलेजच्या कार्यालयातला, सोसायटीच्या हिशेबाचा आणि भावाच्या दुकानातला संगणकही बघा. तिथे बघणारं दुसरं कोणी नसतं.