शब्दांवाचून राहिलेले सूर

उन्हाळ्यात जळगावी एका स्नेह्यांच्या गच्चीवर आम्ही एकट्या गिटारीची एक ध्वनिमुद्रिका ऐकली. ख्रिस्ती उपासनेची गीते आणि चारशे वर्षांपूर्वीचे ल्यूट-संगीत, एवढाच तिचा ऐवज. गाणारा नाही, शब्द नाहीत, ठेका धरणारा नाही. तरीही मंडळी आपोआप गप्प झाली.

ल्यूट हे अरबांच्या ऊदाचे युरोपीय भावंड. त्याला तातीच्या जोडतारा असत आणि पडदेही तातीचेच, दांड्याला बांधलेले. (तात हवेबरोबर चढते-उतरते, तेव्हा वादकाचे निम्मे आयुष्य जुळवाजुळवीतच जात असावे.) देवाची गाणी आणि हे दिवाणखान्यातले वाद्य यांचा संबंध ओढूनताणून आणलेला नव्हे. मार्टिन लूथर स्वतः ल्यूट वाजवीत असे. जिनीव्हात १५५१ साली छापलेली एका स्तोत्राची चाल पुढे इंग्रजांच्या घरोघर शंभरावे स्तोत्र म्हणून गाइली गेली, आणि १६२१ च्या एका संग्रहात तिला साथीचे स्वर बसविणारा जॉन डौलंड हा त्या काळचा नामांकित ल्यूटवादकच होता.

आम्हांस खरे नवल वाटले ते हे संगीत टिकले कसे याचे. ल्यूटवादक स्वरांची नावे लिहीत नसत. कोणत्या तारेवर, कितव्या पडद्यावर बोट ठेवावयाचे, एवढेच लिहीत. तारांसाठी रेघा, त्यांवर इटलीत आकडे, फ्रान्स-इंग्लंडात अक्षरे, वर कालमानाच्या खुणा. आज गिटारीची तिसरी तार अर्ध्या स्वराने उतरवली, की तोच कागद समोर ठेवून वाजविता येतो. मेलेल्या माणसाची बोटे जणू त्यात जपून ठेवलेली आहेत.

डौलंड १६२६ साली वारला तेव्हा समर्थ रामदास अठराव्या वर्षात होते. शंकर श्रीकृष्ण देवांनी धुळ्यास उभारलेल्या समर्थ वाग्देवता मंदिरात जुन्या हस्तलिखितांचा केवढा संग्रह आहे! परंतु आपल्याकडील अशा बाडांत पदाच्या माथ्यावर फार तर रागाचे नाव मिळावयाचे. सूर गुरूच्या गळ्यातून शिष्याच्या गळ्यात गेला. त्यामुळे तो जिवंत राहिला हे खरे, पण तोच राहिला असे कोण म्हणेल? पुढे भातखंड्यांनी स्वरलिपीत चिजा बांधल्या, त्या उस्तादांच्या बैठकीतल्या. जात्यापर्यंत ती लेखणी पोहोचली नाही.

येथून हाकेच्या अंतरावर असोदे आहे, बहिणाबाई चौधरींचे माहेर. १९५१ साली त्या गेल्या आणि १९५२ साली त्यांची गाणी छापून आली, ती सोपानदेवांनी आणि घरच्यांनी शब्द टिपून ठेवले होते म्हणून. पुस्तकात शब्द आहेत. दळताना सूर कोठे वळत असे, याचे चिन्ह नाही. डौलंडचे असे कित्येक तुकडे आहेत की ज्यांत एक शब्द नाही आणि बोट मात्र प्रत्येक ठिकाणी आहे.

जात्यावरच्या चाली अजून म्हणू शकणाऱ्या दोघी वृद्धा आमच्या परिचयाच्या आहेत. एकीस आता ऐकू कमी येते. गाऊ लागली म्हणजे मात्र सूर चुकत नाही. आमच्या स्नेह्यांचा मुलगा गिटार शिकतो. रेघांच्या वहीसह त्याला तिच्या ओसरीवर नेऊन बसवावयाचे ठरले आहे. दिवाळीपर्यंत थांबू नये, असे त्याच्या आईचे म्हणणे.