जागच्या जागी

हत्यारं ठेवण्याची जगातली सर्वांत उत्तम जागा म्हणजे सुताराचा कान. तिला खिळा लागत नाही, फळी लागत नाही, भाडं लागत नाही आणि पावसाळ्यात तिथे गंज चढत नाही. पेन्सिल हवी असली की हात आपोआप कानाकडे जातो, रेघ मारून झाली की आपोआप ती परत ठेवून येतो. मेंदूला यातलं काही कळवावंसुद्धा लागत नाही. एके काळी कचेरीतले कारकूनही टाक कानावर ठेवायचे. पुढे पेनांना खिसे मिळाले आणि कारकून या विद्येला मुकले. सुतारांनी ती सोडली नाही. अडचण एवढीच, की देवाने माणसाला कान दोनच दिले आणि हत्यारं मात्र माणूस स्वतः घेत सुटला. माझ्याकडे ती 47 आहेत.

आकडा ऐकून तुम्ही मला कसबी सुतार वगैरे समजू नका. मी बँकेतून निवृत्त झालेला गृहस्थ असून सुतारकाम हा माझा छंद आहे. आमच्या घरात या छंदाला ‘गॅलरीतला पसारा’ असे नाव आहे. डोंबिवलीतल्या आमच्या ब्लॉकला नऊ फूट बाय चार फुटांची गॅलरी आहे. तिच्यात एक बाक, लाकूड धरायचा शिकंजा, तुळशीची कुंडी, कपडे वाळत घालायच्या दांड्या आणि मी असे सगळे गुण्यागोविंदाने नांदतो. रंधा मारताना माझे कोपर तुळशीला लागते आणि ओल्या टॉवेलचे टोक मानेला. पण माणसाने जिद्द ठेवली तर या एवढ्या जागेतही एक स्टूल तयार होऊ शकते. ते डुगडुगते, पण ती बिल्डिंगची फरशी.

सुरुवातीला सगळी हत्यारं बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात असत. अशा डब्याचा एक स्वभाव असतो. तुम्हाला जे हवे ते तो तळाशी नेऊन ठेवतो. पेचकस शोधायला हात घातला की आधी कानस लागते, मग पकड, मग सुटे खिळे आणि शेवटी, अगदी रक्त येण्याच्या बेताला, पटाशी. आता पटाशीची धार ही घरातली सर्वांत मानी वस्तू. दगडावर अर्धा तास घासून तिला लाडावून ठेवावे आणि डब्यात पकडीने तिला एक कोपरखळी मारावी, की संपलेच. नुसत्या डोळ्यांना तो खवला दिसतही नाही. पण पुढे ती पटाशी लाकडावरून जिथे जिथे जाते तिथे एक बारीक रेघ उमटवत जाते. झालेला अपमान ती कुणालाही विसरू देत नाही. म्हणून एकाच डब्यात धारेची आणि बिनधारेची हत्यारं ठेवू नयेत, हा या शास्त्रातला पहिला नियम. (एकत्र कुटुंबालाही तो लागू करता येईल, पण आपला विषय तो नव्हे.)

रंध्याच्या बाबतीत तर दोन पंथच आहेत. काम थांबवले की रंधा बाकावर आडवा कुशीवर ठेवावा, म्हणजे खाली किंचित डोकावणारे पाते कशाला टेकत नाही, असे पहिला पंथ मानतो. शाळेत हस्तकलेचे मास्तर याच पंथाचे होते आणि रंधा पोटावर ठेवणाऱ्या पोराच्या बोटांवर पट्टी मारून ते धर्मप्रसार करीत. दुसरा पंथ म्हणतो, बाक लाकडाचाच आहे, लाकूड तासायला केलेले पाते लाकडाला टेकले म्हणून काय होणार? उलट कुशीवर ठेवलात तर उघड्या पात्याला शेजारची हातोडी लागायची. दोन्ही पंथांचे म्हणणे मला पटते. त्यामुळे मी रंध्याच्या पुढच्या टोकाखाली एक चपटी काडी सरकवून तो पोटावर ठेवतो आणि दोन्ही पंथांकडून पाखंडी ठरतो.

हे सगळे उन्हाळ्याचे झाले. डोंबिवलीतून समुद्र दिसत नाही, पण जून ते सप्टेंबर तो हवेतून रोज घरी येऊन जातो. रात्री पुसून ठेवलेली करवत सकाळी चहाच्या रंगाची झालेली असते. बोटांच्या घामात मीठ असते, त्यामुळे जिथे धरले तिथे नेमका अंगठ्याचा ठसा गंजून उमटतो. आपल्याच घरातल्या गुन्ह्याचा पुरावा आपणच तयार करून ठेवावा, तसे. यावर शिलाई मशीनच्या तेलाचा पातळ हात हा उत्तम उपाय. खोबरेल तेलही चालते, फक्त मग थंडीत ते गोठते आणि गॅलरीला आजीच्या वेणीचा वास येतो. बंद पेटीत कापराच्या वड्या ठेवायची पद्धत जुनी आहे आणि ती खरीच उपयोगी पडते. कापूर हळूहळू उडतो आणि लोखंडावर त्याचा पातळ पदर बसतो. आमच्याकडे त्यामुळे आरतीच्या वेळी कापराची डबी रिकामी निघते आणि संशयाची सुई सरळ गॅलरीकडे वळते. चामड्याच्या म्यानात मात्र पटाशी पावसाळाभर ठेवू नका. चामडे ओल धरून बसते. दिसायला शिवकालीन आणि आतून गंजलेले, असे काही तरी हाती लागते.

डब्यानंतर भिंत आली. बारा एमएमचा एक प्लाय भिंतीवर ठोकला, त्यावर खुंट्या आणि खाचा केल्या, आणि प्रत्येक हत्याराभोवती पेन्सिल फिरवून त्याची आकृती रंगवली. हातोडीच्या जागी हातोडीची सावली, गुण्याच्या जागी गुण्याची. ही कल्पना माझी नाही. अमेरिकेत ज्युलिया चाइल्ड म्हणून पाककलेतल्या मोठ्या बाई होत्या. त्यांच्या नवऱ्याने स्वयंपाकघराच्या भिंतीवर प्रत्येक तव्या-पातेल्याची अशी आकृती काढून दिली होती. ते स्वयंपाकघर बाईंनी 2001 साली दान केले आणि आज ते वॉशिंग्टनच्या संग्रहालयात आहे. (हे मी घरी सांगितल्यावर, “बघा, त्यांचा नवरा स्वयंपाकघरात काढून देत होता,” एवढाच बोध घेतला गेला.) विमानांच्या दुरुस्तीच्या हँगरातही असे फळे असतात. एखादा पाना आपल्या जागी परतला नाही तर तो सापडेपर्यंत विमान सोडत नाहीत. इंजिनात विसरलेला पाना आकाशात आठवून उपयोग नसतो.

आणि या पंथाचा महापुरुष म्हणजे हेन्री स्टडली. हा 1838 ते 1925 या काळातला अमेरिकेतला पियानो-कारागीर. त्याने महोगनीची एक भिंतीवरची पेटी केली, तिच्यावर शिसवी आणि शिंपल्याचे जडावकाम केले आणि तिच्यात सुमारे 300 हत्यारं बसवली. बंद पेटी किती मोठी? सुमारे 39 इंच बाय 20 इंच. म्हणजे आमच्या न्हाणीघरातल्या आरशाच्या कपाटापेक्षा थोडी थोरली. त्या कपाटात आमच्या चौघांचे ब्रश मावत नसत. स्टडलीच्या पेटीत एक कप्पा उचलला की खाली दुसरा, तो वळवला की तिसरा. मी तिचे फोटो तासन् तास पाहत बसतो. हिचे म्हणणे, त्या माणसाने पियानो कधी केले?

भिंतीवरच्या आकृतीचा खरा गुण म्हणजे, नसलेली वस्तू दिसते. डब्यातून पकड गेली तर महिनाभर कळत नाही. भिंतीवरून गेली तर तिची पांढरी सावली दारात शिरताच ओरडते. त्यामुळे नारळाची शेंडी काढायला गेलेला पेचकस, तुपाचा डबा उघडायला गेलेली चार सुताची पटाशी, तिसऱ्या मजल्यावरच्या काकांकडे ‘पाच मिनिटांसाठी’ गेलेले गिरमिट, सगळ्यांची हजेरी लागू लागली. घरातल्यांना ही पोलिसी व्यवस्था रुचली नाही. त्यांनी रिकाम्या खुंट्यांचा उपयोग सुरू केला. करवतीच्या जागी कढीलिंबाची पिशवी, कानशीच्या जागी इस्त्रीवाल्याचा हिशेब, पान्याच्या जागी दूधवाल्याचे कॅलेंडर.

मग एकदा दरवाजा घासायला मिस्त्री आले. खांद्यावर एक गोणपाटाची पिशवी. त्यांनी माझ्या भिंतीकडे मान वाकडी करून पाहिले आणि म्हणाले, “काका, झकास झालंय. फोटो काढण्यासारखं.” मग खाली बसले, दाराची फळी पायाच्या बोटांत धरली आणि पिशवी उघडली. मी डब्यातल्या पसाऱ्याची वाट पाहत होतो. पण पटाश्या जुन्या जीनच्या पायाला शिवलेल्या खिशांत गुंडाळलेल्या होत्या, करवतीच्या दातांवर उभी चिरलेली प्लॅस्टिकची नळी बसवलेली, रंध्याचे पाते आत ओढलेले. पाच मिनिटांत सगळी हत्यारं त्यांच्याभोवती अर्ध्या वर्तुळात मांडली गेली. त्यानंतर दोन तास त्यांनी हत्याराकडे पाहिले म्हणून नाही. नजर फळीवर, हात मागे, आणि हातात गुण्या. हात लांब केला की जेवढे वर्तुळ होते, तेवढेच त्यांचे दुकान.

“काका, तुम्ही काम इथं करणार न् हत्यार तिथं,” जाताना ते म्हणाले. “मधल्या मधे चालणंच फार.”

त्याच आठवड्यात मी रोजची पाच हत्यारं भिंतीवरून उतरवून बाकाच्या कडेला, हाताच्या उंचीवर एक खाचांची पट्टी करून तिच्यात आणली. हा बदल माझ्या मनात आधीपासूनच होता, हे मी हिला दोनदा सांगितले आहे. उरलेली भिंतीवर राहिली. उरलेली म्हणजे 42 नव्हे, 41. छोट्या हातोडीची आकृती रिकामीच आहे.

ती मुलगी घेऊन गेली. नोकरीसाठी बंगळूरला निघताना सामान भरताना म्हणाली, “बाबा, एक हातोडी द्या ना, तिथे खिळेबिळे मारायचे असतील.” मी नवी आणून देतो म्हणालो, तर म्हणाली, “नको, हीच. हिची मूठ सवयीची आहे.” लहानपणी माझ्या शेजारी बसून फळीच्या तुकड्यात खिळे वाकवायचा कार्यक्रम तिने त्याच हातोडीने केला होता. यादीत मी ती अजून धरतो, म्हणून 47. गंमत अशी, की मोकळी खुंटी दिसली की पिशवी अडकवणाऱ्या हिने गेल्या तीन वर्षांत त्या एका खुंटीवर काही अडकवलेले नाही. याबद्दल आम्ही बोललेलो नाही.

खंडेनवमीला मात्र सगळी हत्यारं एकत्र येतात. दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळी मी भिंत रिकामी करतो, एकेक पुसतो, तेलाचा हात देतो आणि पाटावर मांडतो. हळद, कुंकू, झेंडूची फुले. वडिलांचा लाकडी रंधा मध्ये, बाकीची मंडळी भोवती. वर्षातून एकदा खरी मोजणी होते ती तेव्हा. यंदा 45 भरली, आणि एक गिरमिट अजून तिसऱ्या मजल्यावर असल्याचे उघडकीला येऊन तेही पूजेपुरते सन्मानाने खाली आले, म्हणून 46. हिने पाटाचा फोटो काढून मुलीला पाठवला.

उत्तर म्हणून तिकडूनही एक फोटो आला. पिवळी भिंत, तिच्यावर खिळा, खिळ्यावर ती हातोडी, दांड्याला झेंडूचे एक फूल, आणि हातोडीभोवती काळ्या मार्करने काढलेली आकृती. रेघ जरा वाकडी गेलेली.

हिने तो फोटो मोठा करकरून पाहिला. मग फोन लावून म्हणाली, “अगं, भाड्याची भिंत ना ती? सोडताना रंगाचे पैसे डिपॉझिटमधून कापतील!”

पलीकडून काय उत्तर आले ते मला ऐकू आले नाही. मी रंध्याच्या तोंडात अडकलेल्या झेंडूच्या पाकळ्या काढत होतो. त्या ओल्या राहिल्या तर पात्याला गंज धरतो.