एकटा नेमबाज

एकटा माणूस मनात भरायला घर माणसांनी गजबजलेलं असावं लागतं. वर्ध्याचं आमचं घर तसं होतं. आजी, दोन काका, चुलत भावंडं, कापूस विकायला बंडी घेऊन आलेले गावाकडचे पाहुणे. घडीभर कोणाला एकटं बसू देतील तर शपथ. त्या गर्दीत भाड्याच्या वाचनालयातून बाबूराव अर्नाळकरांचा काळा पहाड आला. चंद्रवदन या सभ्य नावाआड वावरणारा, रात्री कोणालाही न सांगता बाहेर पडणारा. त्याच्या हातातल्या पिस्तुलापेक्षा मला त्याचं हे न सांगणं आवडलं. आमच्याकडे कोपऱ्यावर जायचं तरी तीन जणांना उत्तर द्यावं लागे.

अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, गुरुनाथ नाईकांनीही तेवढी मजल मारली. पुढे कॉलेजात सुहास शिरवळकरांचा दारा बुलंद हाती लागला. गोष्ट तीच, माणूस तोच, तरी पुढचं पुस्तक हवंच. मालिकेतला नायक मागच्या भागाचं ओझं घेऊन येत नाही. परीक्षा, नोकरी, आजारपणं आमच्या अंगावर साचत गेली. तो दर वेळी नव्यानं दारात उभा.

पण मराठीतला हा नायक पुरता एकटा नव्हता. अर्नाळकरांच्याच झुंजारसोबत विजया होती, नेताजी होता. आणि तो लढायचा तो नाडलेल्यांसाठी. पैसे घेऊन माणूस मारणारा, मागे-पुढे कोणी नसलेला नायक मला फार उशिरा, पन्नाशीनंतर भेटला, तोही जपानी: ताकाओ साइतो यांचा ‘गोल्गो १३’. ‘बिग कॉमिक’ मासिकात ही चित्रमालिका ऑक्टोबर १९६८मध्ये सुरू झाली. २०२१ साली तिचा २०१वा खंड निघाला आणि गिनीज बुकात नोंद झाली. त्याच वर्षी सप्टेंबरात साइतो गेले, पण त्यांच्या स्टुडिओतल्या सहकाऱ्यांनी मालिका चालू ठेवली आहे. ड्यूक टोगो हे नायकाचं नाव, तेही खरं नव्हे. देश माहीत नाही, वय वाढत नाही. तो हस्तांदोलन करत नाही, पाठीमागे कोणाला उभं राहू देत नाही.

हे सगळं मी वर्ध्यात वाचलं, आणि ती गोष्ट मला बाजूला ठेवता येत नाही. इथल्या प्रत्येक मुलाप्रमाणे मीही शाळेच्या सहलीत सेवाग्रामला, गांधीजींच्या आश्रमात गेलो. कुडाच्या भिंती, कवेलूंचं छप्पर, आणि साप पकडायचा चिमटा व पिंजरा. सापाला मारायचं नाही, धरून लांब सोडायचं. गांधीजी १९४६च्या ऑगस्टमध्ये इथून गेले ते परतलेच नाहीत.

त्यांच्या खुनाचा तपशील मी मोठेपणी नेटानं वाचला, कपूर आयोगाचा अहवालही. तिथे गोल्गोसारखं काहीच सापडत नाही. २० जानेवारीला एक प्रयत्न फसला, एक जण जागीच पकडला गेला. मग पिस्तुलासाठी ग्वाल्हेरची वारी. लाल किल्ल्यातल्या खटल्यात आठ आरोपी उभे होते. त्यांतल्या एकाची तिथे निर्दोष सुटका झाली. गोळ्या एकानं झाडल्या, पण त्याच्याभोवती माणसं होती, बैठका होत्या, पैशाची जमवाजमव होती. ज्या एकटेपणाच्या ओढीनं मी इतकी वर्षं वाचत आलो, ते कादंबरीकारांनी आणि चित्रकारांनी घडवलेलं आहे. खऱ्या खुनाकडे ते नसतं, निदान या खुनाकडे नव्हतं.

म्हणून मी वाचणं सोडलं नाही. उलट साइतोंबद्दलचा आदर वाढला. त्यांच्या कित्येक कथांत गोल्गो जेमतेम दिसतो. पानंच्या पानं असतात ती सुपारी देणाऱ्याची, ज्याच्यावर नेम धरला आहे त्याची, त्याच्या कामाची, भीतीची, घरच्यांची. शीतयुद्ध, तेल, बँका, सगळं जग त्या माणसांतून येतं. तरुण असतो तर ती पानं भराभर उलटून गोळी कधी सुटते तेवढं पाहिलं असतं. आता तिथेच रेंगाळतो. मराठीत कोणी असा नेमबाज लिहायला घेतलाच, तर त्यानं ज्याच्यावर बंदूक रोखली आहे त्याचं घर आधी नीट लिहावं: त्याच्या भिंती कशाच्या, जेवायला कोण कोण बसतं, आणि परत येतो म्हणून तो कोणाला सांगून निघाला.