थोरल्या आईची मूठ

शेतकऱ्याच्या घरातली बाई किती राबते, हे सांगायला कुणी पंडित लागत नाही. कोंबडा आरवायच्या आधी तिचा दिवस सुरू होतो आणि घरातले सगळे निजल्यावर संपतो. पण या राबण्याची नोंद कुठल्या कागदावर होते का, असे कुणी विचारले तर मात्र गप्प बसावे लागते. आमच्या थोरल्या आईची, म्हणजे माझ्या वडिलांच्या आईची हकिकत सांगावीशी वाटते ती एवढ्याचसाठी.

आमचे गाव मंगळवेढे तालुक्यातले. जमीन काळी आणि खोल, पाऊस बेताचा आणि भरवशाचे पीक एकच, शाळू. दुष्काळात उपाशी लोकांसाठी कोठारे उघडी करणाऱ्या दामाजीपंतांचा हा मुलूख. २०१६ साली मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा गावोगावी आनंद झाला. मला मात्र त्या दिवशी थोरल्या आईचा हात आठवला. ती ज्वारी अशा हातांनीच पिढ्यान् पिढ्या जपलेली आहे.

थोरली आई पेरणीत चाड्यावर मूठ धरायची. हल्लीच्या पोरांनी ट्रॅक्टरची पेरणी पाहिली आहे, त्यांना हे सांगावे लागेल. पाभरीला बैल जुंपलेले, पुढे हाकणारा गडी आणि मागून ओटीत बी घेऊन चालणारी बाई. चाड्यात मुठीतून दाणे सोडायचे, ते नळ्यांतून खाली तासात पडायचे. दिवसभर चालत राहायचे आणि मूठ एकसारखी ठेवायची. ती म्हणायची, "मूठ आवळली तर रान रिकामं ऱ्हातं, सैल सोडली तर ताटं एकमेकाला खात्यात." तिने पेरलेले रान उगवून आले की बांधावरून जाणारा माणूस घटकाभर थांबून बघायचा.

पेरणीचा दिवसही तीच ठरवायची. हस्ताचा पाऊस झाला की चार दिवसांनी रानात जाऊन ढेकूळ उचलायची, मुठीत दाबायची. चिखल हाताला लागला तर परत यायची. ढेकूळ भुरभुरीत फुटले आणि आत ओल लागली, की घरी येऊन म्हणायची, "वाफसा आला. उद्या पाभर काढा." ती शाळेची पायरी चढली नव्हती, पण तिचा अंदाज चुकल्याचे मला आठवत नाही.

१९५७ साली माझे आजोबा वारले. दोन मुली परकरातल्या, माझे वडील बारा वर्षांचे, आठ एकर जमीन आणि दावणीला एकच बैल उरलेला. तेराव्यानंतर धाकटे दीर म्हणाले, "वहिनी, जमीन मी बघतो. तुम्ही पोरांना घेऊन दोन घास सुखानं खावा." त्यांच्या मनात काळेबेरे होते असे मी म्हणणार नाही. त्या काळी रीतच तशी होती. पण थोरली आई म्हणाली, "भाऊजी, तुमचं उपकार हायेत. पर जी जमीन माझ्या पोरांनी पायानं तुडवली न्हाई, ती उद्या त्यांची ऱ्हाणार न्हाई."

दुसऱ्या दिवशी ती शेजारच्या वाडीत गेली. तिथल्या एका शेतकऱ्याकडेही एकच बैल होता. त्याच्याशी तिने सावड केली. त्याची पेरणी झाली की हिची. हाकायला तो, मुठीला ही, दोन्ही रानांत. अशी सहा वर्षे गेली.

त्या सहा वर्षांत सातबाऱ्यावर तिचे नाव होते. पण कसे होते ते ऐका. जमीन वडिलांच्या नावावर चढली, ते लहान म्हणून त्यांच्या नावापुढे 'अ.पा.क. आई' असे लिहून हिचे नाव घातले. अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता. मूल अज्ञान आहे तोवर त्याच्या वतीने सांभाळ करणारी, एवढाच त्याचा अर्थ. १९६३ साली वडील अठरा वर्षांचे झाले आणि तो शेरा निघाला. थोरल्या आईला वाचता येत नव्हते, पण उताऱ्यावर आपले नाव कुठे आहे ते तिने कुणाकडून तरी दाखवून घेऊन ध्यानात ठेवले होते. नवा उतारा हातात आल्यावर त्या जागी बोट ठेवून तिने विचारले, "हितलं माझं नाव कुठं गेलं?" तलाठी म्हणाले, "आजी, मुलगा सज्ञान झाला. आता पालनकर्त्याची गरज उरली नाही."

ती घरी येऊन आईला एवढेच म्हणाली, "राखण करायची व्हती तवर मी व्हते." पुढे कितीतरी वर्षे तिने हा विषय काढला नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे नेहमीसारखी खुरपे घेऊन रानात गेली.

१९५६ साली हिंदू वारसा कायदा झाला होता. नवरा मृत्युपत्र न करता वारला, तर त्याच्या वाट्यात मुलांबरोबर बायकोचाही हिस्सा, असे तो कायदा सांगत होता. पण दिल्लीत झालेला कायदा आमच्या चावडीपर्यंत यायला फार दिवस लागले. तिला हे कुणी सांगितलेच नाही आणि सांगणाऱ्यांनाही किती ठाऊक होते कोण जाणे.

मग १९७२ आला. मी तेव्हा आठ वर्षांची होते. विहिरींचे तळ दिसू लागले, कडबा संपला, जनावरे दारातून गेली. आई-वडील आणि थोरली आई, तिघेही दुष्काळी कामावर खडी फोडायला जात. कामावर सुकडी मिळे आणि दुकानात तांबडी मिलो ज्वारी. तिची भाकरी थापताना तुटायची आणि खाताना घशाखाली उतरायची नाही.

अशा दिवसांत आमच्या माजघरात एक कणगी शेणामातीने तोंड लिंपून बंद केलेली उभी होती. तिच्यात दीड मण शाळूचे बी होते. उभ्या पिकातून हाताने निवडलेली भरदार कणसे वेगळी बडवून, उन्हात वाळवून, राख आणि लिंबाचा पाला घालून थोरल्या आईने ते ठेवले होते. एके रात्री धाकटा भाऊ भुकेने रडत होता. वडील उठले आणि म्हणाले, "आई, कणगी फोडू. पोरं जगली तर बी कुठनं बी आणता यील." थोरली आई कणगीला पाठ लावून बसली. म्हणाली, "मिलो खाऊन पोरं जगत्यात. बी खाल्लं तर फुडच्या साली काय पेरायचं, दगड?" तिने आपल्या वाट्याची भाकरी भावाच्या हातात दिली आणि पाणी पिऊन निजली. वडील त्या रात्री बराच वेळ ओसरीवर बसून होते.

१९७३ साली पाऊस झाला. वाफसा आला तेव्हा गावात कितीतरी घरांत पेरायला दाणा नव्हता. थोरल्या आईने कणगीचे तोंड फोडले. आमच्यापुरते बी काढले आणि उरलेले शेजारपाजारी पायली पायली वाटले. बी दिले की सवाईने किंवा दीडीने परत घ्यायचे, ही गावची रीत. तिने कुणाकडून वाढावा घेतला नाही. "पायलीला पायली आणून घाला, बास," म्हणाली. धाकट्या दिरांच्या घरीही ती स्वतः बी घेऊन गेली.

पुढे दिवस पालटले. १९८६ साली चांदवडला शेतकरी महिलांचे मोठे अधिवेशन झाले. नंतर शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम घेतला. शेतकऱ्याने आपणहून जमिनीचा काही भाग बायकोच्या नावे करावा, असा तो कार्यक्रम होता. १९९२ साली सरकारनेही नवऱ्याच्या अर्जावर बायकोचे नाव सातबाऱ्याला लावण्याची सोय केली. बाजाराच्या दिवशी वडील ही बातमी ऐकून आले आणि संध्याकाळी म्हणाले, "आई, तुझं नाव लावायचं राहून गेलं. आता चौकशी करतो."

थोरली आई तेव्हा थकली होती. अंथरुणावरूनच ती म्हणाली, "माझी आता हाडं ऱ्हायली. सुनंचं नाव लाव. ती माझ्याएवढी म्हातारी व्हायच्या आत लाव." आईच्या डोळ्याला पदर लागला. तीस वर्षे दोघींनी एका चुलीवर भाकरी केल्या, कधी भांडल्याही, पण सासूने सुनेसाठी असे मागितलेले आईने कुठे ऐकले नव्हते.

वडिलांनी अर्ज केला आणि चार एकर आईच्या नावे झाले. १९९६ साली थोरली आई गेली. २००४ साली वडीलही गेले. तेव्हा मला थोरल्या आईच्या शहाणपणाचा खरा अर्थ कळला. आई स्वतःच्या हिश्श्यावर सोसायटीची सभासद होती, पीककर्ज तिच्या सहीने मिळत होते. वारसाच्या नोंदीसाठी कचेरीच्या चकरा चालू असताना तिच्या रानातली पेरणी अडली नाही. तिला कुणी "तुम्ही दोन घास सुखानं खावा" असे म्हणाले नाही.

आता काळ आणखी पुढे गेला आहे. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित जमिनीत मुलींचा हक्क मुलांच्या बरोबरीचा झाला. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे राज्यात आधी आईचे नाव लागते. सातबारा तर घरबसल्या मोबाईलवर दिसतो. तेव्हा वाचकहो, आज उद्या सवड काढून आपला सातबारा जरूर उघडून बघा. जी बाई तुमच्या रानात खुरपते, वेचते, काढते, तिचे नाव त्यावर आहे का ते पाहा. नसेल तर तलाठ्याला गाठून काय करावे लागते ते विचारा आणि तिच्या हयातीतच ते काम पुरे करा. माणूस गेल्यावर फोटोला हार घालणे सोपे असते. थोरल्या आईचा एकही फोटो आमच्या घरात नाही. पण दरसाल शाळूची कणसे निवडून बी वेगळे काढायची तिची पद्धत आईने सोडलेली नाही आणि ते बी पेरले जाते ते आईच्या नावावरच्या जमिनीत.