४० किलोहर्ट्झची उधारी

यवतमाळमधल्या एका रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या दुकानाचं मी देणं लागतो. दुकानाचे मालक, आम्हा सगळ्यांचे काका, यांनी ते कधी वहीत मांडलं नाही. म्हणून इथे मांडतो.

मी घाटंजी तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवतो. २०१७ साली ब्रिस्टल विद्यापीठातल्या आसियेर मार्झो, एड्रियन बार्न्स आणि ब्रूस ड्रिंकवॉटर यांनी ‘टायनीलेव्ह’ हे यंत्र जगापुढे ठेवलं. निव्वळ आवाजाच्या जोरावर थर्मोकोलचा मणी किंवा पाण्याचा थेंब अधांतरी धरणारं. आराखडा, सुट्या भागांची यादी, प्रोग्राम, सगळं खुलं. ना ओळख, ना देख. तरी पहिलं ऋण त्यांचंच.

सामान साधं आहे. एक अर्डुइनो नॅनो, एक एल२९८एन मोटर ड्रायव्हर आणि ७२ छोटे अल्ट्रासोनिक ट्रान्सड्यूसर. वाटीच्या आकाराच्या दोन साच्यांत ३६ वर, ३६ खाली, तोंडं समोरासमोर. सगळे सेकंदाला ४०,००० वेळा कंप पावतात. माणसाचा कान २०,००० च्या आसपासच थांबतो, त्यामुळे खोलीत शांतताच असते. वरच्या-खालच्या लाटा भेटून स्थिर तरंग तयार होतो आणि त्याच्या निस्पंदापाशी, म्हणजे दाब जवळजवळ न बदलणाऱ्या जागी, मणी अडकून राहतो. दोन निस्पंदांत साधारण ४.३ मिलिमीटर अंतर, म्हणून मणी त्याहून लहान हवा.

स्थिर तरंगाचं हे पाठ होतंच. उमजलं होतं ते बीएस्सीला असताना, आमच्या सरांमुळे. आमच्या प्रयोगशाळेत द्रवातला ध्वनीचा वेग मोजायचा इंटरफेरोमीटर होता. त्याचा स्क्रू फिरवून आतली पट्टी सरकवली की दर अर्ध्या तरंगलांबीला मीटरचा काटा उसळायचा. कॉलेज सुटल्यावरही सर मला तो स्क्रू फिरवू देत. १८६६ साली ऑगस्ट कुंट यांनी काचेच्या नळीत बारीक भुकटी पसरून आवाजाची लांबी डोळ्यांना दाखवली, हेही त्यांनीच सांगितलं.

काकांचं ऋण वेगळं. हे यंत्र मी त्यांच्याच दुकानात जोडलं. ट्रान्सड्यूसरला दोन पाय असतात. एक जरी उलटा जोडला तर तो शेजाऱ्यांच्याच लाटा खोडतो आणि पकड ढिली पडते. “कंपनीच्या खुणेवर जाऊ नको, पोट्ट्या. लाट पाह्य,” असं म्हणत काकांनी आपला जुना ऑसिलोस्कोप पुढे सरकवला. एक ट्रान्सड्यूसर वाजता ठेवायचा, त्याच्यासमोर एकेक नवा धरायचा आणि पडद्यावरची लाट वर उठते की खाली जाते ते पाहून पाय ओळखायचा. खूण करायला काकूंनी टिकल्यांचं पाकीट दिलं. वीज गेली तेव्हा फवारणी पंपाची १२ व्होल्टची बॅटरी जोडली. दुरुस्तीला आलेले स्टार्टर आणि चार्जर तोवर बाजूला थांबले होते.

मे महिन्यात वेगळीच परीक्षा. कूलरच्या झोताने मणी उडतो, म्हणून कूलर बंद. शिवाय २० अंशांना आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर धावतो, तर यवतमाळच्या ४५ अंशांत जवळजवळ ३५८. तरंगलांबी वाढते, म्हणून दोन साच्यांतलं अंतर पुन्हा जुळवायचं ठरवलं. घामाघूम झालेले काका ते जुळवत बसले आणि मणी टिकला तेव्हा पंखा लावायचंही विसरले.

पैसे विचारले तर म्हणाले, “शाळेतल्या पोरायले दाखव, झालं.” त्यांनी सांगितलं तेवढं करतो. माझे विद्यार्थी एकदम ७२ ट्रान्सड्यूसरवर जात नाहीत. अंतर मोजायच्या स्वस्त अल्ट्रासोनिक सेन्सरवर दोन डबे असतात. ते काढून समोरासमोर बसवले आणि अर्डुइनो-ड्रायव्हर जोडला की थर्मोकोलचा लहानसा कण तरंगतो. सुरुवातीला तेवढं पुरतं.

तुमच्या तालुक्यातही असं एखादं दुकान अजून उघडं असेल. रिमोट दुरुस्तीला न्याल तेव्हा घरातल्या पोराला सोबत न्या आणि त्याला तिथे तासभर बसू द्या.