दुपारी झोपणारा संगणक

गेल्या वर्षी घरी संगणक जुळवायचे ठरले, तेव्हा सगळा हिशेब मीच मांडला. लग्नाच्या व्हिडिओंच्या संकलनाची हिची कामे वाढली होती. म्हणून आठ कोरचा प्रोसेसर घेतला, हौसेने काचेची पेटी घेतली आणि पैसे वाचवले ते मदरबोर्डवर! ‘तो काय, आत लपणारच आहे,’ असा माझा तर्क. (काचेच्या पेटीत काय लपते, हे तेव्हा सुचले नाही.)

हिवाळाभर सारे सुरळीत चालले. मे महिन्यात नागपूरचा पारा ४४ अंशांवर गेला आणि संगणकानेही दुपारची झोप सुरू केली. चित्रफीत अर्धी तयार झाली की आधी तो रेंगाळायचा, मग एकदम बंद! त्यातच एका नवरीची आजी लग्नानंतर आठवड्याभरात गेली. आजी नातीची ओटी भरते आहे तेवढा भाग तरी तेराव्याच्या आत द्या, असा घरच्यांचा निरोप आला.

“अहो, त्यांना नाही म्हणून कळवू का?” हिने विचारले. माझी मान खाली.

माझा पहिला संशय रॅमवर. मेमटेस्ट रात्रभर चालवून पाहिली. एकही चूक निघाली नाही. शेवटी सीताबर्डीवरच्या एका दुरुस्तीवाल्या काकांनी बोर्ड उलटसुलट पाहिला आणि प्रोसेसरशेजारच्या काळ्या चौकोनी ठिपक्यांवर बोट ठेवले. आलेल्या १२ व्होल्टचे प्रोसेसरला लागणारे सव्वा व्होल्टच्या आसपास करणारी ही मंडळी. जड कामात ती सडकून तापतात, आणि माझ्या बोर्डावर त्यांना थंड ठेवणारा हीट सिंकच नव्हता.

“भाऊ, बैल दांडगा घेतला, पण जू कच्चं!” काका म्हणाले.

नवा बोर्ड घेताना रंगीत दिव्यांकडे पाहिलेच नाही. त्या ठिपक्यांवर जाड हीट सिंक आहे ना, बोर्डाचा बायोस आपला प्रोसेसर ओळखतो ना, कंपनीने तपासलेल्या रॅमच्या यादीत आपली रॅम आहे ना, आणि बिघडला तर गावातच दाद मागता येईल ना, एवढेच विचारले. रॅमचा वेग वाढवण्याची सोय होती, ती बंदच ठेवली. पहिल्या खेपेला वाचवलेले अडीच हजार अर्थातच बुडाले. तो आकडा घरात अजून अधूनमधून ऐकू येतो.

परीक्षा मुद्दाम दुपारी दोनलाच घेतली. आम्ही दोघे पडद्यासमोर बसलो. साठ टक्के, सत्तर टक्के... आमचे जेवण टेबलावर गार झाले. पावणेचारला फीत पूर्ण झाली. ओटी भरून झाल्यावर आजी पदर सावरून कॅमेऱ्याकडे पाहत हसते, तिथे हिने जरा थांबवले. मग पेनड्राइव्ह पर्समध्ये टाकून, त्या उन्हात ही स्वतःच त्यांच्या घरी निघाली.